तिसऱ्यांदा फी माफ झाली तेव्हा : केनियातल्या मोफत प्राथमिक शाळेचं प्रकरण

जानेवारी २००३चा पहिला आठवडा. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. नैरोबीच्या किबेरा वस्तीलगतच्या सरकारी शाळांच्या फाटकांशी आईबाप मुलांचा हात धरून रांगा लावून उभे होते. आठवडाभरापूर्वी, ३० डिसेंबर २००२ला, म्वाई किबाकी यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती आणि प्रचारात दिलेला शब्द लगेच पाळला होता : सरकारी प्राथमिक शाळेत यापुढे फी नाही. त्या एका वर्षात देशातल्या प्राथमिक शाळांचा पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. सहा वर्षांच्या पोराशेजारी पहिलीच्या बाकावर चौदा वर्षांचा मुलगा येऊन बसला, कारण शाळेचं तोंड तोही पहिल्यांदाच पाहत होता.

मी शिक्षणाच्या कामात आहे आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरांत हे प्रकरण आवर्जून सांगते. 'मोफत आणि चांगलं शिक्षण सगळ्या मुलांना' ही मागणी जगभर केली जाते. पण ती मान्य झाल्यावर पुढे काय होतं, ते इतक्या उघडपणे फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं. केनियात ही फी तिसऱ्यांदा माफ होत होती. आधी दोनदा माफ झाली आणि दोन्ही वेळा परत आली. तिसऱ्यांदा मात्र माफी टिकली. ती का टिकली, आणि टिकूनही मुलांच्या पदरात काय पडायचं राहून गेलं, हे दोन्ही पाहायला हवं.

आधी मागचं थोडं. १९६३ साली स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कानू पक्षानं सात वर्षांच्या मोफत शिक्षणाचं वचन दिलं होतं. दहा वर्षं त्याचं फारसं काही झालं नाही. मग डिसेंबर १९७३मध्ये अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी पहिली ते चौथीची फी माफ केल्याचं जाहीर केलं. महिन्याभरात शाळा उघडल्या आणि पट १८ लाखांवरून २७-२८ लाखांवर गेला. एवढी मुलं येतील याची तयारी कुणीच केली नव्हती. खोल्या अपुऱ्या, शिक्षक अपुरे, आणि फीचे पैसे बंद झाल्यावर शाळेचा खर्च कशातून भागवायचा हे वरून कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळा समित्यांनी आपला मार्ग काढला आणि 'इमारत वर्गणी' सुरू केली. कित्येक ठिकाणी ही वर्गणी माफ झालेल्या फीपेक्षा जास्त होती. ज्यांच्यासाठी फी माफ केली, तीच मुलं पुन्हा घरी बसली.

१९७८मध्ये डॅनियल अराप मोई सत्तेवर आले. त्यांनी वर्गण्यांवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी शाळेत मुलांना मोफत दूधही सुरू केलं. पट सुमारे ३० लाखांवरून ३७ लाखांवर गेला. त्यानंतरच्या दशकात देश कर्जात रुतत गेला. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या आणि १९८८मध्ये 'खर्चात वाटा' हे धोरण अधिकृत झालं. सरकारनं फक्त शिक्षकांचा पगार द्यायचा, बाकी सगळं पालकांनी पाहायचं. पुस्तकं, बाक, खडू, परीक्षा, रखवालदार, इमारत, प्रत्येकाचे वेगळे पैसे. ते थकले की मुलाला वर्गातून उठवून घरी पाठवायचं. केनियात त्या पिढीच्या माणसांशी बोलायला लागलं की बहुतेकांना असा एखादा दिवस आठवतो.

मला तो दिवस वेगळा समजावून घ्यावा लागला नाही. तालुक्याच्या गावी मी ज्या शाळेत शिकले तिथे मुलींना फी माफ होती, पण जूनमध्ये 'इमारत निधी' घ्यायचे आणि त्याची पावती देत नसत. सहावीत असताना माझे आणि आणखी चौघींचे पैसे राहिले होते. आमची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली गेली आणि ती आठ दिवस तिथेच राहिली. फळा रोज पुसला जाई, तो कोपरा सोडून. फी आणि वर्गणी यांत कायद्यानं फरक असेल, पण फळ्याकडे बघत बसलेल्या मुलीच्या लेखी तो नसतो.

केनियाचं मोठेपण असं की तिथे हा अनुभव साठत गेला आणि त्याची मोहीम झाली. स्वातंत्र्याच्या काळापासून तिथे 'हरांबे'ची परंपरा आहे. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढणं. गावानं पैसे आणि श्रम घालून शाळा उभ्या केल्या. ती परंपरा अभिमान बाळगावा अशीच आहे. पण तिच्याच नावावर पुढे सरकारनं आपली जबाबदारी लोकांच्या गळ्यात टाकली. 'गाव करेल' असं म्हटलं की तरतूद करायला नको. मोहिमेत उतरलेल्यांनी हे ओळखलं आणि शाळेचा खर्च हा सरकारनं द्यायचा हक्काचा पैसा आहे, असं ठणकावून सांगायला सुरुवात केली.

१९९९मध्ये 'एलिमु येतु' ही आघाडी उभी राहिली. स्वाहिलीत या नावाचा अर्थ 'आपलं शिक्षण'. तिच्यात स्वयंसेवी संस्था होत्या, पालक होते, शिक्षणातले अभ्यासक होते. त्याच वर्षी जगाच्या पातळीवरही 'ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन' ही मोहीम सुरू झाली. ॲक्शनएड, ऑक्सफॅम, शिक्षक संघटनांचा जागतिक महासंघ 'एज्युकेशन इंटरनॅशनल' आणि बालमजुरीविरोधी 'ग्लोबल मार्च' हे तिचे संस्थापक, आणि पहिले अध्यक्ष कैलाश सत्यार्थी. बालमजुरीविरोधात झुंजणारे आणि शिक्षक संघटनावाले एका मांडवाखाली आले, ही मला या मोहिमेतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते. मूल कामावरून सुटलं आणि त्याला शाळा परवडली नाही, तर ते दुसऱ्या कामावर जातं. आणि शाळेत गेलं पण शिकवायला माणूस नसला, तर काही दिवसांनी कामावरच परततं.

१९९०मध्ये थायलंडमधल्या जोमतिएन इथे जगातल्या सरकारांनी २०००पर्यंत सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण देण्याचं ठरवलं होतं. २००० उजाडलं तेव्हा दहा कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर होती. एप्रिल २०००मध्ये सेनेगलच्या डाकारमध्ये सरकारं पुन्हा जमली आणि मुदत २०१५पर्यंत पुढे ढकलली. पण मोहिमेच्या रेट्यामुळे या वेळी एक वाक्य जाहीरनाम्यात आलं, की शिक्षणाचा खरोखर ध्यास घेतलेला कोणताही देश पैशाअभावी अडू दिला जाणार नाही. पुढची कित्येक वर्षं कार्यकर्ते हेच वाक्य श्रीमंत देशांसमोर धरत राहिले.

आणखी एक आघाडी होती, थेट फीविरुद्धची. संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणहक्काच्या तेव्हाच्या विशेष प्रतिवेदक कातारिना तोमाशेव्स्की यांनी प्राथमिक शाळेतल्या फीवरून जागतिक बँकेला सतत जाब विचारला. अमेरिकेतल्या संघटनांनी तिथल्या काँग्रेसकडे धरणं धरलं आणि २०००मध्ये कायदा करून घेतला. प्राथमिक शिक्षणावर वापरशुल्क लादणाऱ्या कर्जांना जागतिक बँकेतल्या अमेरिकी प्रतिनिधीनं विरोध करायचा, असं त्यात बांधून दिलं. मलावीनं १९९४मध्ये, युगांडानं १९९७मध्ये फी काढली होती. २००१मध्ये शेजारच्या टांझानियानंही काढली. सीमेपलीकडची मुलं फुकट शिकताहेत, मग आमची का नाहीत, हा प्रश्न केनियातल्या पालकाला आता कुणी शिकवावा लागत नव्हता. २००१च्या बालक कायद्यात मोफत मूलभूत शिक्षणाचा हक्क लिहिला गेला. २००२च्या निवडणुकीत विरोधकांच्या 'नार्क' आघाडीनं तोच मुद्दा उचलला आणि चाळीस वर्षांची कानूची सत्ता गेली.

१९७४ला अध्यक्षाच्या मनात आलं म्हणून फी गेली होती, आणि ती परत येताना विचारणारं कुणी नव्हतं. २००३पर्यंत विचारणारे तयार झाले होते. माफी टिकण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

या वेळी पैशाची व्यवस्थाही केलेली होती. दर मुलामागे वर्षाला १,०२० शिलिंग, दोन खात्यांत. ६५० शिलिंग पुस्तकं, वह्या, खडू यांच्या खात्यात आणि ३७० शिलिंग दुरुस्ती, वीज-पाणी, रखवालदार यांसाठी. पहिल्या खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून 'सिंबा' असा शब्द होई, स्वाहिलीत सिंह. लोक त्याला सिंबा खातंच म्हणत. पैसा थेट शाळेच्या बँक खात्यात येई आणि पुस्तकं निवडणाऱ्या समितीत पालक असत. खालच्या वर्गांत तिघांत एक पुस्तक आणि वरच्या वर्गांत दोघांत एक, हे उद्दिष्ट होतं. आपल्याला हे थोडं वाटेल. पण जिथे वर्गात एकच पुस्तक, तेही शिक्षकाच्या हातात असे, तिथे हा मोठा बदल होता. ज्या जागतिक बँकेच्या अटींतून 'खर्चात वाटा' आला होता, तिनंच या योजनेला पाच कोटी डॉलर दिले.

किमानी मारुगे यांची गोष्ट इथे यायला हवी. एल्डोरेटजवळच्या कापकेंदुइवो प्राथमिक शाळेत जानेवारी २००४मध्ये ८४ वर्षांच्या या आजोबांनी पहिलीत नाव घातलं. ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावात लढलेले, शाळा कधी न पाहिलेले. सरकारनं सगळ्यांना मोफत शिक्षण म्हटलंय, मग मी का नको, एवढंच त्यांचं म्हणणं. गणवेश लागतो म्हटल्यावर त्यांनी लांब विजार कापून अर्धी केली, गुडघ्यापर्यंत मोजे चढवले आणि काठी टेकत शाळेत येऊ लागले. त्यांची दोन नातवंडं त्याच शाळेत होती. बायबल स्वतः वाचायचं होतं आणि पैसे मोजता यायला हवे होते. छायाचित्रांत ते बाकावर पोरांच्या मधोमध बसलेले दिसतात, पाय नीट मावत नाहीत, पण पेन्सिल अगदी घट्ट धरलेली. २००५मध्ये मोहिमेनं त्यांना न्यूयॉर्कला नेलं आणि संयुक्त राष्ट्रांत जमलेल्या राष्ट्रप्रमुखांसमोर शाळेबाहेरच्या मुलांचा प्रश्न त्यांच्या तोंडून गेला. विमानात ते पहिल्यांदाच बसले होते.

मोहिमेला चेहरा लागतो, आणि मारुगे यांच्याइतका खरा चेहरा मिळणं भाग्याचं. पण ते ज्या वर्गात बसले होते त्या वर्गाकडेही पाहू या. १९९८पासून केनियात शिक्षकभरती गोठवलेली होती. निवृत्त झालेल्यांच्या, वारलेल्यांच्या जागा तेवढ्या भरायच्या, नवीन पद नाही. १३ लाख मुलं आली तेव्हाही भरती तशीच गोठलेली राहिली. काही शाळांत एका शिक्षकापुढे शंभर मुलं झाली. चौदा वर्षांचा आणि सहा वर्षांचा एकाच धड्यावर. शंभर वह्या तपासायच्या तर प्रत्येक वहीला एक मिनिट दिलं तरी जवळजवळ पावणेदोन तास जातात. तेव्हा वह्या तपासल्या जात नाहीत. यात शिक्षकाला दोष देणाऱ्यांनी त्या खोलीत एक आठवडा उभं राहून पाहावं.

ज्यांना शक्य होतं त्या पालकांनी मुलं काढली आणि खासगी शाळांत घातली. किबेरातसुद्धा पत्र्याच्या खोल्यांतल्या स्वस्त खासगी शाळा वाढल्या. पुढे काही अर्थतज्ज्ञांनी आकडे मांडून दाखवलं, की सुरुवातीच्या लाटेनंतर सरकारी शाळांची एकूण पटसंख्या अपेक्षेइतकी वाढलीच नाही. गरिबांची मुलं आत येत होती तशी बरी परिस्थिती असलेल्यांची मुलं बाहेर पडत होती. शिकलेल्या, बोलू शकणाऱ्या पालकांनी सरकारी शाळा सोडली की पालकसभेत प्रश्न विचारणारे कमी होतात. हे आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मोहिमेकडून इथे एक चूक झाली, असं माझं मत आहे. तिच्या सगळ्या घोषणा 'शाळेत' या शब्दावर थांबत होत्या. शाळेबाहेरच्या मुलांचा आकडा खाली येणं हे यश. त्यामुळे सरकारनं पट दाखवला की मोहिमेकडे पुढचा प्रश्न विचारायला पुरावाच नसे. मूल आत गेल्यावर काय शिकलं, हे कुणी मोजत नव्हतं.

ते मोजण्याची रीत केनियात मुंबईहून पोचली. १९९४मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं २००५पासून देशभर 'असर' पाहणी चालवली. घरी जायचं, मुलाच्या हातात एक कागद द्यायचा : अक्षरं, शब्द, एक छोटा उतारा, आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पूर्व आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनी भारतात येऊन हे पाहिलं आणि २००९मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात 'उवेझो' सुरू केलं. उवेझो म्हणजे कुवत, क्षमता.

मी स्वतः 'असर'मध्ये दोन हंगाम स्वयंसेवक होते. एका अंगणात पाचवीतली मुलगी तो कागद घेऊन बसली. अक्षरं तिनं पटापट ओळखली. शब्दही, बोट ठेवून. उताऱ्यावर आली तेव्हा पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या शब्दाशी बोट अडकलं. ती माझ्याकडे न बघता आईकडे बघत होती. आई चुलीपाशी होती, हातातली परात खाली ठेवून ती जवळ आली आणि म्हणाली, "ताई, ही रोज जाते हो शाळेत. एक दिवस चुकवत नाही." शाळेच्या हजेरीपटावर या मुलीची हजेरी पूर्ण असणार, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

उवेझोच्या पाहणीतून केनियात हेच दिसलं. तिसरीतल्या दर दहा मुलांमागे सातांना दुसरीचं काम जमत नव्हतं. सरकारी कचेऱ्यांत कुरबुर झाली, पण आकडे गावागावांतून साध्या लोकांनी गोळा केले होते आणि पालकांनी स्वतः पाहिले होते. कागद कुणीही वाचून बघू शकत होतं, हीच त्याची ताकद. 'किती मुलं शाळेत' या प्रश्नाच्या जोडीला 'किती मुलांना वाचता येतं' हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. आज या रीतीनं पाहणी करणाऱ्या अनेक देशांतल्या गटांचं एक जाळं आहे. एरवी ज्ञान वरून खाली येतं असं आपण धरून चालतो, पण हे एका गरीब वस्तीतून दुसऱ्या गरीब वस्तीत गेलं.

२००९ हे वर्ष केनियाच्या मोहिमेला जड गेलं. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या दंगलींत घरदार गमावून, निर्वासितांच्या छावणीतून पायी शाळेला गेलेले मारुगे ऑगस्टमध्ये वारले. त्यानंतर थोड्याच काळात मोफत शिक्षणाच्या निधीतला घोटाळा उघड झाला. पुस्तकांचा पैसा शिक्षण मंत्रालयातच मुरला होता. ब्रिटन आणि अमेरिकेनं मदत थांबवली. चोरी वरच्यांनी केली आणि पुस्तकं मुलांची कमी झाली. कार्यकर्त्यांपुढे पेच असा, की घोटाळ्यावर बोलावं तर 'मोफत शिक्षण म्हणजे पैशाची नासाडी' म्हणणाऱ्यांना बळ मिळतं, गप्प बसावं तर आपलंच तोंड काळं. बोलायलाच हवं होतं, असं मला वाटतं. ज्याला आपण मुलाचा पैसा म्हणतो, त्याचा हिशेब आपणच पहिल्यांदा मागायला हवा.

कायद्याच्या बाजूनं मात्र जमीन पक्की होत गेली. ऑगस्ट २०१०च्या नव्या राज्यघटनेत ५३व्या कलमानं मोफत आणि सक्तीचं मूलभूत शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क ठरला. (आपल्याकडे ८६व्या घटनादुरुस्तीला संमती मिळाली ती डिसेंबर २००२मध्ये, किबाकींच्या शपथविधीआधी जेमतेम अडीच आठवडे, आणि शिक्षणहक्क कायदा लागू झाला एप्रिल २०१०मध्ये. दोन्ही देश जवळजवळ बरोबरीनं चालले आहेत.) २०१३च्या मूलभूत शिक्षण कायद्यानं सरकारी शाळेत शिकवणीची फी घ्यायला मनाई केली. पण त्याच कलमात मंत्र्यांच्या मंजुरीनं 'इतर आकार' घेण्याची वाट ठेवली आहे. ते भरले नाहीत म्हणून मुलाला शाळेत येण्यापासून रोखता येणार नाही, अशी अट सोबत आहे. १९७४ची इमारत वर्गणी ज्यांना आठवते त्यांना या वाटेची भीती वाटली तर नवल नाही. अट चांगली आहे, पण ती पालकाला माहीत असेल तरच उपयोगाची.

आणि दर मुलामागचे १,०२० शिलिंग? ते पुढे १,४२० झाले. सुरुवात २००३ची. वीस वर्षांत पुस्तक, खडू, सिमेंट, रखवालदाराचा पगार सगळं कितीतरी वाढलं आणि मुलाच्या नावावर ४०० शिलिंग वाढले. फी परत आणायला कुठला आदेश काढावा लागत नाही. रक्कम जिथल्या तिथे ठेवली की मुख्याध्यापक आपोआप पालकांकडे बघायला लागतात. सरावपरीक्षेचे पैसे, जादा तासाचे पैसे, रखवालदाराचे पैसे.

म्हणून शिबिरात हे प्रकरण सांगून झालं की मी सगळ्यांना एकच काम देते. आपल्या गावच्या शाळेत जा, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा, आणि समग्र शिक्षा अभियानाचं अनुदान यंदा किती आलं, कधी आलं आणि कशावर गेलं ते लिहून आणा. गेल्या खेपेला बावीस जण गेले होते. नऊ जणांना कागद बघायला मिळाला. पुढच्या बैठकीला उरलेले तेरा जण पुन्हा जाणार आहेत, या वेळी गावातले दोन-दोन पालक बरोबर घेऊन.